पडदा, पटल आणि पापुद्रा



एखादा शब्द कधी कधी एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या वाटांनी घरात येतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा कारागीर सांगतो, ‘मेम्ब्रेन गेले आहे, बदलावे लागेल.’ आजोबांच्या डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल येतो आणि त्यात दृष्टिपटलावर मेम्ब्रेन आल्याची नोंद असते. त्याच सुमारास आजींचे डॉक्टर डायलिसिसचा विषय काढतात आणि समजावून सांगताना पुन्हा तोच शब्द उच्चारतात. एके ठिकाणी मेम्ब्रेन खराब झाले म्हणून अडचण, दुसऱ्या ठिकाणी ते नको तेथे आले म्हणून अडचण आणि तिसऱ्या ठिकाणी त्याच्याच आधाराने जीव तगणार! घरातील माणसे गोंधळली, तर त्यात नवल नाही. या अंकात आपण या एकाच शब्दाचा मागोवा घेऊ. अर्थ नेमका कळला की भीती थोडी ओसरते आणि डॉक्टरांना काय विचारायचे तेही सुचते.

मेम्ब्रेन या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, अनेक आहेत. कांदा सोलताना निघतो तो पापुद्रा. कानात असतो तो पडदा. डोळ्यात आहे ते पटल. मेंदूभोवती आणि फुफ्फुसाभोवती आहे ते आवरण. बाळंतपणाच्या वेळी फुटते ती पाणमोट. या सर्वांत समान काय? प्रत्येक वस्तू पातळ आहे, पसरट आहे आणि दोन जागांच्या मध्ये उभी आहे. पण एवढ्यावर थांबलो तर मुख्य गोष्ट निसटेल. गच्चीची गळती थांबवण्यासाठी अंथरतात त्या थरालाही बांधकामाच्या व्यवसायात मेम्ब्रेनच म्हणतात. त्याचे काम मात्र पाण्याचा थेंबही आत न येऊ देण्याचे. शरीरातील बहुतेक पटलांचे काम याहून अवघड आहे. त्यांना काही अडवायचे असते आणि काही जाऊ द्यायचे असते. भिंत आणि उंबरठा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. उंबरठ्यावर कोणीतरी पाहणारे असते: कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारातूनच परत पाठवायचे.

ही निवड सुरू होते ती पेशीपासून. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. ते इतके पातळ की अशी एक लाख पटले एकावर एक रचली, तरी त्यांची जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. १९२५ साली नेदरलँड्समधील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी रक्तातील तांबड्या पेशींचा स्निग्धांश वेगळा काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की पेशीचे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असावे. हे अनुमान पुढे खरे ठरले. या दुहेरी थरात प्रथिनांची लहान लहान दारे असतात. पाण्याचे दार वेगळे, सोडियमचे वेगळे, साखरेचे वेगळे.

पटलातून पाणी कसे सरकते, हे आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहे. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने पातेल्यात पाणी सुटते. मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टपोऱ्या फुगतात. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी पटलातून आपोआप ओढले जाते. याला परासरण म्हणतात. फ्रान्समधील धर्मगुरू आणि पदार्थवैज्ञानिक नोले यांनी १७४८ साली मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ते पाण्यात ठेवले, तेव्हा तो पडदा आत शिरलेल्या पाण्याने तट्ट फुगला. कैरी आणि मनुका यांचीच ही गोष्ट, फक्त प्रयोगशाळेतली.

वृद्धांच्या शुश्रूषेत या तत्त्वाचा फार जवळचा संबंध येतो. जुलाब झाले की आपण क्षार-साखरेचे पाणी देतो. आतड्याच्या आतील पटलात असे एक दार आहे, की ज्यातून साखर आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जुलाबातही हे दार बहुधा चालू राहते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे याच उपायाने असंख्य प्राण वाचवले. मात्र प्रमाण चुकले तर उपायच अपाय होतो. एक लिटरचे पाकीट ‘जरा कडक होऊ दे’ म्हणून दोन पेले पाण्यात कालवले, तर द्रावण दाट होते आणि शरीरात पाणी जाण्याऐवजी आतड्याकडे ओढले जाते. पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घ्यावे, चमचा चहाचा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी किती प्यावे, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता शरीरातील मोठ्या पटलांकडे वळू. उतारवयात ज्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, अशी तीन येथे सांगतो.

पहिले तोंडातील. ओठांच्या आतून सुरू होऊन अन्नमार्गाला अस्तरासारखे लागलेले जे ओलसर पटल, त्याला श्लेष्मल पटल म्हणतात. त्याचा ओलावा हेच त्याचे संरक्षण. वय झाले की तोंड कोरडे पडायचेच, असा समज आहे. पण पुष्कळदा त्यामागे औषधे असतात. सर्दी-खाजेवरील, नैराश्यावरील आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधे लाळ कमी करतात. औषध आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगावे. पर्याय निघू शकतो. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. हिरड्यांच्या पटलालाही विश्रांती हवी असते. तोंडातील एखादा चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो दाखवलाच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर दिरंगाई मुळीच करू नये.

दुसरे मेंदूचे आवरण. कवटीच्या आत मेंदूला तीन आवरणे असतात. त्यांतील सर्वांत बाहेरचे जाड आणि चिवट असते. वाढत्या वयात मेंदू थोडा आक्रसतो आणि मेंदूपासून या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला लागलेला साधा मारही एखादी शीर फाडू शकतो. रक्त आवरणाखाली हळूहळू साचते. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-चार आठवड्यांनी डोके दुखू लागते, झोप वाढते, बोलण्यात विसंगती येते, एक पाय ओढला जातो. घरात म्हणतात, ‘वयच झाले आता.’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी मागील दोन महिन्यांत कधी पडणे झाले होते का, ते आठवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला लागल्यावर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. या रक्तस्रावावर बहुधा उपचार होऊ शकतो. म्हणूनच तो ओळखण्यात उशीर झाला, तर हळहळ वाटते.

तिसरे डोळ्यातील, आजोबांच्या अहवालातले. येथे पटल मूळचे नसते, नंतर येते. पन्नाशीनंतर डोळ्यातील पारदर्शक गर दृष्टिपटलापासून सुटू लागतो आणि काहींच्या दृष्टिपटलावर एक झिरझिरीत पापुद्रा तयार होतो. तो आकसला की खालचे दृष्टिपटल चुरगळते आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. घरच्या घरी पाहायचे असेल, तर एका वेळी एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे किंवा फरशीच्या रेघांकडे पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दोष झाकून घेतो. अशा पापुद्र्याला पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. केवळ ठराविक काळाने तपासणी पुरते. वाचनात अडथळा येऊ लागला, तर शस्त्रक्रियेने तो सोलून काढता येतो. मात्र रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर कारण दुसरेही असू शकते. तेव्हा थांबू नये.

आणि याच डोळ्याच्या संदर्भात एक हृद्य गोष्ट. बाळ जन्माला आल्यावर पाणमोटेचे पटल एरवी टाकून दिले जाते. तेच पटल आईच्या संमतीने घेऊन, तपासून व जपून ठेवून, भाजलेल्या किंवा रसायनाने पोळलेल्या डोळ्यावर अस्तरासारखे बसवतात. एका जिवाला नऊ महिने सांभाळलेला पापुद्रा दुसऱ्या जिवाची जखम भरायला मदत करतो.

आता आजींकडे येऊ. मूत्रपिंडाचे काम हे पटलाचेच काम आहे. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात आणि त्यांच्या पटलांतून दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते; लघवीवाटे जाते ते सुमारे दीड लिटर. हे पटल निरोगी असेल, तर रक्तातील प्रथिने अडवून धरते. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांनी ते झिजले, की प्रथिने पाझरू लागतात. हे पाझरणे बहुधा रक्तातील क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. म्हणून मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा केवळ क्रिएटिनिन पाहून समाधान मानू नये. लघवीतील अल्ब्युमिनचीही तपासणी करून घ्यावी. खर्चाच्या मानाने या तपासणीचा लाभ मोठा आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या परस्पर, दिवसेंदिवस घेणे हेही मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

मूत्रपिंडे अगदीच थकली, तर बाहेरच्या पटलाचा आधार घ्यावा लागतो. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली चर्मपत्रासारख्या कागदातून काही पदार्थ पलीकडे जातात आणि काही मागे राहतात, हे दाखवून या क्रियेला डायलिसिस हे नाव दिले. त्याचा रुग्णासाठी यशस्वी उपयोग व्हायला आणखी आठ दशके लागली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन नावाच्या लहान गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून यंत्र बनवले. ही नळी मांसाच्या सॉसेजला वेष्टन म्हणून वापरली जाणारी! नळीतून रक्त फिरायचे आणि पिंप क्षारांच्या पाण्यात बुडून फिरायचे. पहिली दोन वर्षे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ साली बेशुद्धावस्थेत आणलेली एक बाई मात्र या यंत्रावर कित्येक तास ठेवल्यानंतर शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. तिचे वय होते ६७. ज्या उपचाराला पुष्कळ जण तरुणांचा उपचार समजतात, त्याने प्रथम तारले ते एका वृद्धेला.

आज सेलोफेनच्या जागी हाताच्या पंजात मावेल एवढी नळकांडी आली आहे. तिच्यात केसांसारखे हजारो पोकळ तंतू असतात आणि त्यांच्या भिंती म्हणजेच कृत्रिम पटल. रक्त तंतूंच्या आतून वाहते, शुद्ध द्रावण बाहेरून. युरियासारखे लहान रेणू पलीकडे जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने आतच राहतात. साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास हे चालते. दुसरी पद्धत अशी, की बाहेरचे पटल घेतच नाहीत. पोटाच्या आत आतड्यांभोवती जे उदरपटल असते, त्याचाच गाळणीसारखा उपयोग करतात. मऊ नळीवाटे पोटात द्रावण सोडायचे, काही तासांनी काढून टाकायचे. हे घरी करता येते. दवाखान्यात जाणे ज्यांना झेपत नाही, अशा वृद्धांना ते सोयीचे पडू शकते. परंतु घरातील कोणीतरी शिकून घ्यावे लागते आणि हातांची स्वच्छता काटेकोर पाळावी लागते. बाहेर काढलेले द्रावण गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला, तर ती संसर्गाची खूण समजून तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. डायलिसिस सुचवले म्हणजे सर्व संपले, असे नाही. अनेक वृद्ध डायलिसिसवर वर्षानुवर्षे समाधानाने जगतात. त्याचबरोबर वय फार झाले आहे, हृदय अशक्त आहे, स्मृती गेली आहे, अशा वेळी डायलिसिस न करता औषधे, आहार आणि त्रास हलका करणारी शुश्रूषा हाही वैद्यकशास्त्राने मान्य केलेला मार्ग आहे. तो निवडणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. मुलांनी दारामागे कुजबुजून निर्णय घेऊ नये. आजी ऐकू शकतात, बोलू शकतात, तर प्रथम त्यांना विचारावे: ‘तुम्हाला काय हवे आहे?’ काही आठवडे करून पाहावे आणि मग ठरवावे, हाही पर्याय डॉक्टरांशी बोलून घेता येतो. खर्चाची चिंता असल्यास जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आहे.

शेवटी पाण्याच्या यंत्राकडे. कैरीच्या पातेल्यातील खेळ उलटा केला की ते यंत्र होते. पाणी स्वभावतः क्षारांकडे धावते. त्याला दाब देऊन पटलातून उलट दिशेने ढकलले, की क्षार मागे राहतात आणि गोडे पाणी पुढे येते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी यासाठी उपयुक्त ठरेल असे पटल तयार केले. तोवरची पटले पाणी इतके सावकाश सोडत, की व्यवहारात त्यांचा उपयोग नव्हता. डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रावण लागते आणि त्यासाठीचे पाणीही अशाच पटलांतून शुद्ध केलेले असते. म्हणजे आजींचे रक्त शुद्ध करणाऱ्या पटलाच्या मागे आणखी एक पटल उभे असते.

परंतु घरी असे यंत्र हवेच, असे मात्र नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. नगरपालिकेचे धरणातून येणारे पाणी पुष्कळदा ५०० च्या खूप आत असते आणि त्याला निर्जंतुक करणे पुरते. या यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे बरेच पाणी बाहेर टाकले जाते. ते लादी पुसण्यास, शौचालयात वापरावे. आणि कारागीर ‘मेम्ब्रेन गेले’ म्हणाला, तर त्याला इतकेच सांगावे: ‘यंत्रात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस माझ्यासमोर मोजून दाखवा.’ दोन आकडे जवळजवळ सारखे असतील, तर त्याचे म्हणणे खरे असण्याचा संभव मोठा. मात्र काही यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळतात, तेवढे विचारून घ्यावे. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची फसवणूक अशा एका प्रश्नाने टळते.

तात्पर्य, हा शब्द पुन्हा कानावर पडला, तर गांगरून न जाता तीन प्रश्न विचारा. हे पटल कोठले? त्याचे काम अडवण्याचे आहे, जाऊ देण्याचे आहे की निवडण्याचे? आणि ते काम बिघडले असेल, तर आपण घरी काय करू शकतो? उत्तरे एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्या. तपासणी-खोलीत ऐकलेले निम्मे बोलणे घरी येईपर्यंत विसरले जाते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.